संग्राहकाचे ऋण : रामकथेच्या बाहुल्या, प्रयोग आणि पडदा

१

एखादी प्रिय गाथा पडद्यावर पुन्हा येणार अशी घोषणा झाली, की ती प्रत्यक्ष दिसण्याच्या कितीतरी आधी तिची पात्रे बाजारात वावरू लागतात. चित्रकृती अजून पूर्ण व्हायची असते. तिच्याविषयीची ओढ मात्र पूर्ण झालेली असते आणि त्या ओढीला हातात धरता येईल अशी एखादी वस्तू हवी असते. अमेरिकेत १९७७ मध्ये ‘स्टार वॉर्स’ हा चित्रपट अपेक्षेबाहेर गाजला, तेव्हा त्यातील पात्रांच्या बाहुल्या काढण्याचा हक्क मिळवलेल्या केनर या कंपनीजवळ त्या वर्षीच्या नाताळात विकायला बाहुल्याच तयार नव्हत्या. कंपनीने पुठ्ठ्याचे एक पाकीट विक्रीला ठेवले. त्यात बाहुली नव्हती. पुढच्या वर्षी बाहुल्या घरपोच मिळतील असे सांगणारे प्रमाणपत्र होते. ते पाकीटही लोकांनी विकत घेतले. संग्राहकाच्या मनोव्यापारावर इतका स्वच्छ प्रकाश टाकणारे दुसरे उदाहरण सापडणे कठीण. संग्राहक वस्तू घेतो असे वरवर दिसते. वास्तविक तो एका आगमनातील आपली जागा राखून ठेवत असतो.

मराठी भाषकांच्या संदर्भात ‘परतणारी गाथा’ म्हणून प्रथम रामकथेचाच विचार करावा लागतो. दूरदर्शनवरील ‘रामायण’ मालिका २५ जानेवारी १९८७ पासून ३१ जुलै १९८८ पर्यंत चालली. २८ मार्च २०२० पासून, टाळेबंदीच्या पहिल्याच आठवड्यात, ती पुन्हा दाखवली गेली. नोव्हेंबर २०२४ मध्ये नितेश तिवारी दिग्दर्शित ‘रामायण’ या चित्रपटाचे दोन भाग २०२६ आणि २०२७ च्या दिवाळीत येणार असल्याचे जाहीर झाले. रामकथेची हस्तनिर्मित पात्रे घडवणारे कारागीर महाराष्ट्रात आजही आहेत आणि अशा पात्रांचा संग्रह करण्याची परंपराही येथे आहे. तेव्हा प्रश्न दूरचा नाही. मात्र तो हौसेचा किंवा किमतीचा प्रश्न नव्हे. हाताने घडवलेले पात्र जो आपल्या संग्रहात घेतो, तो नेमके कोणाचे काय देणे लागतो, असा तो नैतिक प्रश्न आहे.

किंमत मोजली की व्यवहार संपला, देणे उरले नाही, असे यावर सहज म्हटले जाईल. कारखान्यात साच्यातून निघालेल्या वस्तूविषयी हे म्हणणे बऱ्याच अंशी टिकते. पण कथेतले पात्र म्हणून घडलेली बाहुली ही अर्धवट वस्तू असते. तिचे उरलेले अर्धे अस्तित्व सांगणाऱ्याच्या आवाजात, चालवणाऱ्याच्या बोटांत आणि पाहणाऱ्यांच्या ओळखीत असते. किंमत पहिल्या अर्ध्याची दिली जाते. दुसऱ्या अर्ध्याचे काय, हे ठरवायचे राहते. या लेखात ‘ऋण’ हा शब्द त्या उरलेल्या अर्ध्याच्या संदर्भात योजला आहे.

२

मूर्त पात्रांशी कसे वागावे याविषयी आपल्या समाजाजवळ ग्रंथांतून न सांगितलेले, पण आचारातून सिद्ध झालेले असे ज्ञान आहे. परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातील ताडकळस या गावाचे उदाहरण घेता येईल. हे उदाहरण गाव विशेष आहे म्हणून घेतलेले नाही. मराठवाड्यातील कोणत्याही गावासारखे ते आहे म्हणून घेतले आहे. या प्रदेशात भाद्रपदातील ज्येष्ठागौरींना ‘महालक्ष्म्या’ म्हणतात. अनुराधा नक्षत्रावर त्या येतात, ज्येष्ठा नक्षत्रावर जेवतात आणि मूळ नक्षत्रावर त्यांना निरोप दिला जातो. मुखवटे सांगाड्यांवर बसवून त्यांना साड्या नेसवतात. पुढे आरास मांडतात. त्या आराशीत पिढ्यान्‌पिढ्या जमत आलेल्या बाहुल्या असतात, खेळणी असतात, लाकडी आणि मातीची चित्रे असतात. तीन दिवस संपले की मुखवटे मऊ कापडात गुंडाळले जातात आणि आराशीसह पेटीत जातात. पेटी माळ्यावर किंवा कपाटाच्या तळाशी वर्षभर राहते.

हा संग्रहच आहे. त्यात निवड आहे, जतन आहे, वारसा आहे, आणि शेजारणीच्या आराशीपेक्षा आपली आरास सरस असावी अशी ईर्ष्याही आहे. तरीही एका गोष्टीत तो काचेच्या कपाटातील संग्रहापेक्षा वेगळा ठरतो. पेटीत ठेवणे हे येथे साध्य नाही. जे ठेवले जाते ते काढण्यासाठी ठेवले जाते, आणि काढण्याची वेळ मालकाच्या मर्जीने ठरत नाही. ती पंचांगाने, म्हणजे समूहाच्या काळाने, ठरते. मुखवट्यांची मालकी घराची असली तरी त्यांच्या प्रकट होण्यावर घराची मालकी नाही.

त्याच गावात श्रावण अमावास्येला पोळा होतो. ज्याच्या दावणीला बैल नाही तो कुंभाराकडून मातीचे बैल आणतो आणि त्यांची पूजा करतो. पूजा झाली की हे बैल पोरांच्या हाती जातात, मोडतात, पावसात विरघळतात. पुढच्या वर्षासाठी ते कोणी जपून ठेवत नाही. कारण पुढच्या वर्षी कुंभार नवे घडवणार असतो. मातीचा बैल मोडतो यात कुंभाराच्या कलेचा अनादर नाही. उलट त्याच्या हाताला पुढच्या वर्षीचे काम मिळण्याची ती हमी आहे.

पेटीतला मुखवटा आणि अंगणातला मातीचा बैल या दोन रीती परस्परविरुद्ध वाटतात. एकीत जपणूक आहे, दुसरीत सोडून देणे आहे. तरी दोहोंमागील तत्त्व एकच आहे : घडवलेले पात्र एका प्रसंगाचे असते. प्रसंग पुन्हा येईपर्यंत ते जपावे, किंवा प्रसंग संपल्यावर ते सोडावे, दोन्ही योग्य. प्रसंगापासून ते कायमचे तोडून केवळ जवळ असण्यासाठी जवळ ठेवणे या दोन्ही रीतींना परके आहे. आधुनिक संग्राहक नेमका या तिसऱ्या जागी उभा असतो. ती जागा अनैतिकच आहे असे आधीच ठरवण्याचे कारण नाही. पण ती नवी आहे आणि तिचे समर्थन वेगळे द्यावे लागते, एवढे तरी मान्य व्हावे.

३

हे समर्थन शोधण्यासाठी रामकथेच्या चित्रांकडे आणि बाहुल्यांकडे वळणे इष्ट आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळच्या पिंगुळी या गावी ठाकर समाजातील कलावंतांनी चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ अशा तिन्ही परंपरा चालवल्या. त्यांना सावंतवाडी संस्थानाचा आश्रय होता. चित्रकथीत कागदावर रंगवलेली प्रसंगचित्रे पाठीला पाठ लावून चिकटवतात. एका कथेच्या अशा चित्रांची मिळून ‘पोथी’ होते. सांगणारा एकेक चित्र उभे करतो आणि वाद्यांच्या साथीने कथा गातो. चित्र पालटले की प्रसंग पालटतो. चित्रातील व्यक्ती बहुधा एका बाजूने दिसणाऱ्या, टपोऱ्या डोळ्यांच्या. राम कोणता आणि लक्ष्मण कोणता हे चेहऱ्याच्या वेगळेपणावरून ओळखायचे नसते, ते मुकुटावरून, अलंकारांवरून, जागेवरून आणि मुख्यतः गाणाऱ्याच्या शब्दावरून ओळखायचे असते. म्हणजे चित्र स्वतः पुरे बोलत नाही. ते अपुरे असणे हा त्याचा दोष नसून रचनेचा भाग आहे. चित्र जीर्ण झाले की ते पाण्यात सोडण्याची प्रथा होती. मातीच्या बैलाचाच न्याय येथे देवांच्या चित्रांना लावलेला दिसतो.

हीच चित्रे अभ्यासकांमध्ये ‘पैठणची चित्रे’ किंवा ‘पैठण शैली’ या नावाने ओळखली गेली. कारण संग्राहकांच्या हाती त्यांतील अनेक चित्रे पैठण भागातून आली. घडवणाऱ्यांचे गाव कोकणात, नाव मात्र मराठवाड्यातील एका तीर्थक्षेत्राचे. संग्रह वस्तू हलवतो तेव्हा तिचे नावही हलवतो, याचा हा बोलका पुरावा आहे. एकनाथांच्या ‘भावार्थ रामायणा’मुळे पैठण आणि रामकथा यांचे नाते मराठी मनात आधीच पक्के असल्याने ते नाव शोभूनही दिसले. परंतु शोभणारे नाव आणि खरे नाव यांत जे अंतर पडले ते पिंगुळीच्या कलावंतांना सोसावे लागले. त्यांचीच चित्रे त्यांच्या गावाच्या नावावाचून प्रतिष्ठित झाली.

या आक्षेपाची दुसरी बाजू तितक्याच गांभीर्याने मांडली पाहिजे. पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयात ही चित्रे जपली गेली आहेत. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी १९२० च्या सुमारास वस्तू जमवायला सुरुवात केली आणि पुढची सात दशके दिवे, अडकित्ते, दौती, वाद्ये, बाहुल्या, दरवाजे असे लोकजीवनाचे भांडार उभे केले. बालपणीच वारलेल्या राजा या मुलाचे नाव त्यांनी या संग्रहाला दिले आणि १९७५ मध्ये तो सारा महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. त्यांनी उचलले नसते तर यांतील कितीतरी वस्तू भंगारात गेल्या असत्या. चित्रांविषयी बोलायचे तर काही पाण्यात विरघळली असती, काही वाळवीने खाल्ली असती. ॲना दल्लापिकोला यांचा या चित्रांवरील जर्मन ग्रंथ १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. असा अभ्यास चित्रे कुठे तरी एकत्र जपलेली असल्याखेरीज होऊच शकत नाही. शिवाय विसर्जनाच्या प्रथेचे गुणगान करताना एक गोष्ट विसरली जाते : जुने चित्र पाण्यात सोडणे तेव्हाच सुंदर असते जेव्हा नवे चित्र काढणारा हात शाबूत असतो. आश्रय संपला, श्रोते पांगले, नवे चित्र निघेनासे झाले, की विसर्जन हा केवळ नाश होतो. अशा काळात संग्राहकाने वाटेत आडवे येणे हे पुण्यकर्मच मानावे लागेल.

केळकर ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत. ज्यांच्या वस्तू त्यांनी जमवल्या ते कारागीरही बहुतेक अज्ञातच राहिले. परंतु कवीचे अज्ञातत्व त्याने स्वतः स्वीकारलेले होते आणि त्यामागील नाव सर्वांना ठाऊक होते. कारागिराचे अज्ञातत्व त्याला विचारून ठरलेले नव्हते. याचा दोष एका संग्राहकावर ठेवणे अन्यायाचे होईल. ज्या काळात वस्तूबरोबर कर्त्याचे नाव टिपण्याची दृष्टीच विद्वत्तेजवळ नव्हती, त्या काळाचे ते वैगुण्य आहे. आजच्या संग्राहकाला मात्र ती सबब उरलेली नाही.

४

संग्रहाविषयीच्या विसाव्या शतकातील चिंतनात दोन टोके दिसतात. वॉल्टर बेन्यामिन यांनी १९३१ मध्ये आपल्या ग्रंथसंग्रहावर लिहिताना मालकी हा वस्तूशी असलेला अत्यंत जिव्हाळ्याचा संबंध मानला. अन्यत्र त्यांनी असेही सुचवले की संग्राहक वस्तूला उपयुक्ततेच्या वेठबिगारीतून सोडवतो. याउलट आनंद कुमारस्वामी यांनी १९४३ च्या आपल्या ग्रंथात कलावस्तू प्रदर्शनात मांडाव्यातच का असा मूलगामी प्रश्न उपस्थित केला : त्या उपयोगासाठी घडल्या, उपयोगावाचून त्यांचे सौंदर्य कळत नाही. बाहुलीच्या बाबतीत बेन्यामिन यांची भूमिका अपुरी पडते, कारण बाहुलीचा उपयोग ही तिची वेठबिगारी नसून तिचे जगणे आहे. चामड्याची बाहुली मागून दिवा लागल्याखेरीज सावली टाकत नाही. भिंतीवर टांगून समोरून प्रकाश टाकला तर कातडे दिसते, पात्र दिसत नाही. पण कुमारस्वामींची भूमिकाही आजच्या प्रश्नाला पुरत नाही. उपयोग करणारा समाजच उरला नसेल तर वस्तूने कुठे जावे, याचे उत्तर त्यात मिळत नाही.

या दोघांच्याही विचारकक्षेबाहेर राहिलेला एक घटक म्हणजे पडद्यावरील चेहरा. बाहुलीला पडदा नवा नाही. सावल्यांच्या खेळात ती सिनेमाच्या आधीपासून पडद्यावर नाचत आली आहे. फरक एवढाच, की त्या पडद्यामागे तिला घडवणाऱ्या समाजाचा हात होता आणि पात्राला कायमचा चेहरा नव्हता. सिनेमाने चेहरा दिला. ही प्रक्रिया मराठी मुलखातच आरंभापासून पाहता येते. दादासाहेब फाळके यांच्या ‘लंकादहन’ (१९१७) या चित्रपटात राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच नटाने केल्या. प्रेक्षकांना त्यात खटकण्यासारखे काही वाटले नाही, कारण त्यांची नजर अजून चित्रकथीची होती. ती मुकुट, वेश आणि प्रसंग यांवरून पात्र ओळखत होती, चेहऱ्यावर अडत नव्हती. प्रभातचा ‘संत तुकाराम’ (१९३६) येईपर्यंत हे बदलले होते. विष्णुपंत पागनीस यांचा चेहरा हाच तुकोबांचा चेहरा झाला. घरोघरच्या तसबिरींत तोच जाऊन बसला. १९८७ नंतर दूरदर्शनच्या मालिकेने राम-सीतेच्या बाबतीत हेच अधिक मोठ्या प्रमाणावर केले. दूरचित्रवाणी संचाला हार घातले गेले आणि त्यातील नट-नटींच्या पाया पडणारे लोक देशभर भेटू लागले.

यात भाविकांना हसण्यासारखे काही नाही. त्यांची श्रद्धा खरी होती, आणि पागनीसांच्या अभिनयाची थोरवीही खरी आहे. प्रश्न कारागिराचा आहे. पडद्यावर एक चेहरा स्थिर झाला की बाहुली घडवणाऱ्याकडे येणाऱ्या मागणीचे स्वरूप बदलते. पूर्वी त्याला ‘राम द्या’ असे म्हटले जाई. आता ‘तसा राम द्या’ असे म्हटले जाते. ‘तसा’ या एका शब्दाने त्याची परंपरा पुसली जाते. टपोरा डोळा, एका बाजूने दिसणारे मुख, रंगांचे संकेत हे सारे त्याने शिकलेले ज्ञान एकाएकी उणीव ठरते. ‘चेहरा जमला नाही’ असा शेरा त्यावर पडतो. गाथेवरील प्रेमापोटीच संग्राहक ही मागणी करतो, म्हणून तिच्यातील हिंसा त्याला दिसत नाही. त्याला वाटते की हस्तकलेला आपण आश्रय देत आहोत. प्रत्यक्षात तो हाताला यंत्राची नक्कल करायला लावत असतो; आणि नक्कलच हवी असेल तर यंत्र ती स्वस्तात आणि हुबेहूब करते. अशा मागणीने कारागिराला एक दिवाळी बरी जाते, आणि पुढच्या दिवाळीपर्यंत त्याचा रामही हरवतो आणि गिऱ्हाईकही.

येथे एक प्रतिवाद संभवतो. परंपरा कधीच अचल नव्हती. चित्रकथींनीही काळानुसार वेश आणि शस्त्रे बदलली असतील. मग सिनेमाचा चेहरा त्यांनी घेतला तर बिघडले कुठे? प्रतिवाद रास्त आहे. कारागिराने स्वतःच्या नजरेने सिनेमा पाहून आपल्या रामात काही आणले, तर ती परंपरेची वाढच होय. वाढ आणि मोड यांतला फरक उसनवारी झाली की नाही यावर ठरत नाही. ती कोणाच्या अधिकारात झाली यावर ठरतो. घेणारा जेव्हा आपल्या मनातील पडद्याचा चेहरा कारागिराच्या हातावर लादतो, तेव्हा निर्णयाचा अधिकार हस्तांतरित झालेला असतो. नैतिक प्रश्न नेमका त्या हस्तांतरणाचा आहे.

५

प्रतिमेशी कसे वागावे या प्रश्नाचा विचार खुद्द रामकथेने केलेला आहे, आणि तो संग्राहकाच्या प्रश्नाला थेट भिडतो. कथेत सीतेच्या तीन प्रतिमा येतात. पहिली युद्धकांडातील मायासीता. इंद्रजित ती रथात बसवून रणांगणावर आणतो आणि वानरसेनेदेखत तिचा वध करतो. हनुमानासारखा सीतेला प्रत्यक्ष पाहून आलेला साक्षीदारही फसतो. वार्ता ऐकून राम मूर्च्छित होतो. अखेर बिभीषण ही माया आहे असे समजावतो. या प्रतिमेचे सारे सामर्थ्य तिच्या हुबेहूबपणात आहे. ती पाहणाऱ्याला विचार करू देत नाही. साम्य हेच जिचे एकमेव मूल्य अशी प्रतिमा पाहणाऱ्याचा विवेक निकामी करते, हे वाल्मीकींच्या रचनेतून सूचित होते.

दुसरी प्रतिमा भवभूतीच्या ‘उत्तररामचरित’ नाटकाच्या पहिल्या अंकातील. राम, सीता आणि लक्ष्मण आपल्याच गतायुष्याची रंगवलेली चित्रे पाहत असतात. शूर्पणखेच्या चित्रापाशी सीता घाबरते आणि हे चित्र आहे असे रामाला तिला सांगावे लागते. चित्रे पाहता पाहता तिला त्या वनांत पुन्हा जाण्याची इच्छा होते. आणि त्याच इच्छेचे निमित्त पुढे तिला वनात नेऊन सोडायला पुरते. प्रिय कथेकडे परतण्याची ओढ प्रतिमा कशी जागवते आणि त्या ओढीचा वापर दुसरे कसे करून घेऊ शकतात, याचे इतके करुण चित्र अन्यत्र क्वचितच असेल. गाथेच्या पुनरागमनाआधी जागवली जाणारी उत्कंठा शुद्ध असते. तिचे निमित्त करून जो व्यवहार उभा राहतो तो तसा असतोच असे नाही.

तिसरी प्रतिमा उत्तरकांडातील कांचनसीता. अश्वमेधाला पत्नी हवी. राम दुसरी पत्नी करत नाही. सीतेची सुवर्णप्रतिमा घडवून घेतो. ही प्रतिमा कोणालाही फसवत नाही. ती सीता आहे असा दावा कोणी करत नाही. ती एक जागा राखते, आणि जागा राखतानाच ती जागा रिकामी असल्याची कबुली देते. एका दृष्टीने प्रतिमेचे हे सर्वांत निर्मळ रूप आहे. महालक्ष्म्यांच्या पेटीतील मुखवट्यासारखे, एका विधीपुरते आणि एका स्थानापुरते. परंतु कवी येथे थांबत नाही. सोन्याची सीता यज्ञमंडपात मानाने बसलेली असताना जिवंत सीता वाल्मीकींच्या आश्रमात आहे, आणि तिचेच दोन मुलगे त्याच यज्ञाच्या ठिकाणी येऊन रामायण गातात. मंडपात प्रतिमा आहे, आवाज बाहेरून येतो. प्रतिमेने जे झाकले होते ते त्या आवाजाने उघडे पडते.

प्रामाणिक संग्राहकाचा पेच हा कांचनसीतेचा पेच आहे. त्याच्या कपाटातील बाहुली निर्मळ असू शकते, त्याचे प्रेमही निर्मळ असू शकते. तरी ज्यांच्या बोटांतून ती आली ते लोक, त्यांची भाषा, त्यांचे गाणे कपाटाबाहेर, बहुधा पुष्कळ दूर असते. प्रतिमेला मिळालेला मान जिवंताला मिळत नाही तोवर तो मान त्याच्याविरुद्धची साक्ष ठरतो. बाहुली घरी आणून कोणी रामकथा जवळ आणत नाही. गाणारा मंडपात आला तरच ती जवळ येते.

६

या विवेचनातून संग्राहकाचे ऋण तीन अंगांनी स्पष्ट होते. पहिले अंग कर्त्याविषयीचे. बाहुलीबरोबर तिच्या कर्त्याचे नाव आणि गाव टिपले जावे. पिंगुळीचे पैठण पुन्हा होऊ नये. याहून महत्त्वाचे म्हणजे घडवण्यातला निर्णय कर्त्याकडे राहावा. पडद्यावरच्या चेहऱ्याची मागणी न करणे हा संग्राहकाचा पहिला संयम. ज्याला तो चेहराच हवा आहे त्याने तो छापील घ्यावा. त्यात कमीपणा नाही, आणि कारागिराची फसवणूकही नाही.

दुसरे अंग बाहुलीविषयीचे. तिला प्रसंग मिळावा. पिंगुळीत परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्याच्या जागेत ठाकर आदिवासी कला आंगण हे संग्रहालय उभे केले. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. येथे घडवणाऱ्या समाजानेच संग्राहकाची भूमिका घेतली आहे. ही घटना केवळ कौतुकाची नाही. तिला सैद्धान्तिक महत्त्व आहे. जुनी चित्रे आणि बाहुल्या जेथे जपल्या जातात तेथेच, त्यांच्या शेजारी, खेळ करणारे आणि नवे चित्र काढणारे हात असतात. जतन आणि प्रयोग यांची फारकत होत नाही. प्रत्येक संग्राहकाला हे साधणार नाही. पण वर्षातून एकदा, एखाद्या रामनवमीला किंवा दिवाळीत, पेटी उघडून बाहुली मुलांसमोर आणणे, ती चालवू शकेल अशा कलावंताला मानधन देऊन बोलावणे, तिची झीज सोसणे, एवढे त्याला करता येते. संग्राहकाला झिजेची जी भीती वाटते तिची अशा वेळी कसोटी लागते. वापराने एक बाहुली झिजली तर दुसरी घडवता येते. न वापरता सर्व बाहुल्या जपल्या तर दुसरी घडवण्याचे कारणच उरत नाही.

तिसरे अंग कथेविषयीचे. रामकथा एकमुखी कधीच नव्हती. वाल्मीकी, भवभूती, एकनाथ, चित्रकथी, फाळके, दूरदर्शन ही तिची एकापुढे एक उभी राहिलेली रूपे आहेत आणि त्यांतील एकानेही आधीच्यांना रद्द केलेले नाही. नवा चित्रपट हे आणखी एक रूप होय. त्याचे स्वागत करताना ते अखेरचे रूप आहे असे मानण्याचा मोह मात्र टाळला पाहिजे. पडद्याच्या चेहऱ्याशी न जुळणारी, टपोऱ्या डोळ्यांची, एका बाजूने पाहणारी बाहुली ज्याच्या घरात असेल त्याच्याजवळ या मोहाविरुद्धचा एक पुरावा असतो. चित्रपट पाहून परतल्यावर ती त्याला आठवण देते, की राम असाही दिसत असे. संग्रहाची सर्वांत मोठी नैतिक उपयुक्तता कदाचित हीच आहे, आणि चेहरा जुळवून घेतलेली बाहुली नेमकी तीच गमावून बसते.

जाँ बोद्रियार यांनी १९६८ मध्ये म्हटले होते, की माणूस अखेर स्वतःलाच संग्रहित करत असतो. ताडकळसच्या घरातील पेटीला हे विधान लागू करून पाहिले तर ते पुरते बसत नाही. त्या पेटीत ‘मी’ नसतो. येणाऱ्या भाद्रपदाची तयारी असते, आणि पेटी उघडणारी बाई बदलली तरी ती तयारी मोडत नाही. मालकी हा आपला हक्क आहे असे न समजता पुढच्या प्रसंगापर्यंत सोपवलेली जबाबदारी आहे असे जो समजतो, त्याच्यापुरते बोद्रियार यांचे विधान खोटे ठरते. तो भरणा करणारा नसून राखणदार असतो. दिवाळीत पडदा उजळेल तेव्हा त्याच्या पेटीतील बाहुलीला कोणाशीही स्पर्धा करायची नसेल. कोणी तरी दिवा मागे धरावा आणि कथा सांगायला लागावे, एवढीच तिची गरज असेल. आणि ती गरज भागवणे हेच संग्राहकाचे देणे आहे.